डब्यासाठी कोरियन भाताचे गोळे: जुमॉकबाप, सामगाक, किंबाप की छुंगमु?

भाचीचा प्रश्न सरळ होता. "मावशी, सिरियलमध्ये खातात ते कोरियन भाताचे गोळे मला डब्यात न्यायचेत. कसे करतात?" तिची नोकरी हिंजवडीत, बस साडेसातला, जेवायची वेळ एक. मी तिलाच विचारलं, "कुठले गोळे? मुठीत वळलेले, कागद सोलून खातात ते तिकोनी, की कापलेल्या चकत्या?" तिने फोनमध्ये तीन फोटो दाखवले. तिन्ही वेगळ्या पदार्थांचे.

नवऱ्याच्या संशोधनाच्या कामामुळे आम्ही तीन वर्षं दक्षिण कोरियातल्या देजॉनला होतो. हे सगळे प्रकार मी तिथे खाल्ले, शिकले आणि भरपूर बिघडवलेही. पुण्यात परतल्यावर तेच प्रकार इथल्या तांदळात आणि इथल्या उकाड्यात पुन्हा करून पाहिले, तेव्हा कळलं की सोलच्या गारव्यात जे डब्यात छान राहतं ते आपल्याकडे एप्रिलमध्ये राहीलच असं नाही. म्हणून ही तुलना पुण्या-मुंबईच्या डब्याच्या हिशेबाने केली आहे.

घाईत असाल तर आधीच सांगते. रोजच्या डब्याला जुमॉकबाप. ऑफिसात एका हाताने खायचं असेल आणि थोडी खटपट चालत असेल तर सामगाक. किंबाप सहलीला, वाढदिवसाला, रविवारी. आणि मार्च ते जून या दिवसांत शक्यतो यातलं काहीच नको, तेव्हा छुंगमु किंबाप. हे चौथं नाव भाचीच्या फोटोंत नव्हतं, पण माझं सगळ्यात जास्त प्रेम त्याच्यावर आहे.

आता नावं उलगडते. 'बाप' म्हणजे शिजवलेला भात (आमच्या घरी या शब्दावर महिनाभर विनोद चालले, ते सोडून देऊ). 'जुमॉक' म्हणजे मूठ, म्हणून जुमॉकबाप हा मुठीचा भात. आपले मुटके मुठीवरूनच आले, तसंच. 'गिम' म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद. त्यात भात आणि भाज्या गुंडाळल्या की किंबाप. ग आणि क यांच्या मधला तो उच्चार आहे, म्हणून कुणी गिंबाप लिहितं, कुणी किंबाप. 'सामगाक' म्हणजे त्रिकोण. हा तिकोनी प्रकार ओनिगिरीच्या, म्हणजे जपानी भाताच्या गोळ्याच्या, वळणावर गेलेला आहे, आणि कोरियात तो घराघरांतून नाही, चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांतून पसरला.

आधी तांदूळ, मग आकार

चारांपैकी काहीही करा, तांदूळ चुकला तर सगळं चुकलं. कोरियन तांदूळ आखूड, जाड आणि चिकट. त्यात अमायलोज नावाचा स्टार्च कमी असतो, म्हणून दाणे एकमेकांना धरतात. बासमतीत तो जास्त, म्हणून दाणा न् दाणा मोकळा. पुलावात जो गुण तोच इथे दोष. बासमतीचा गोळा डबा उघडेपर्यंत फुटलेला असतो. कोलमचंही फारसं वेगळं नाही.

इंद्रायणी मात्र चालतो. चालतो काय, छान जमतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला हा वाण आंबेमोहराच्या वंशातला, म्हणून वास आणि चिकटपणा दोन्ही आहेत. कोरियन पाहुण्यांना मी इंद्रायणीचा जुमॉकबाप खाऊ घातला आहे. वास वेगळा लागतो म्हणाले, पण गोळ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आंबेमोहरही चालतो, पण तो जास्त मऊ होतो आणि जरा पाणी वाढलं की गुरगुट्या भाताकडे झुकतो. कुठलाही असो, पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी ठेवायचं. माझ्या कुकरला एक वाटी इंद्रायणीला पावणेदोन वाट्या लागतात. तांदूळ नवा असेल तर त्याहून जरा कमी. कोरियन तांदूळ मुद्दाम विकत आणायची गरज मला वाटत नाही. रांजणगाव, चाकण, तळेगाव पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्यामुळे पुण्यात कोरियन किराणा मिळतो खरा, पण तिथून आणायच्या वस्तू दोनच: गिम आणि भाजक्या तिळाचं तेल.

तेलावर एक वाक्य जास्त लिहिते, कारण इथेच बहुतेकजण फसतात. आपल्याकडचं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, फिकट आणि जवळजवळ बिनवासाचं. समईत घालतो ते. कोरियन तेल खरपूस भाजलेल्या तिळाचं, तांबूस काळपट, आणि चमचाभरानेही घरभर वास सुटतो. सुशीच्या भाताला व्हिनेगर, तर कोरियन भाताला हे तेल आणि मीठ. साधं तीळतेल घातलं तर भात नुसता तेलकट होतो. बाटली मिळालीच नाही तर तीळ बदामी भाजून, जाडसर कुटून भरपूर घाला आणि तेल अगदी थोडं. तेवढ्यावर निभावतं.

जुमॉकबाप

या पदार्थाचा जन्म कुठल्या खवय्याच्या हौसेतून झालेला नाही. ताट नाही, चमचा नाही, बसायला जागा नाही अशा वेळी भात माणसापर्यंत पोचवायचा तर तो मुठीत दाबून द्यायचा, एवढीच त्याची कल्पना. कोरियन युद्धात डोंगरावरच्या सैनिकांना मिठाचे भाताचे गोळे जात. पाठीवरच्या लाकडी चौकटीवर, ज्याला 'जिगे' म्हणतात, ओझी बांधून साधी माणसं दारूगोळा आणि अन्न वर चढवत. मग मे १९८०. ग्वांगजू शहरात लष्करी राजवटीविरुद्ध लोक उठले, शहराची नाकेबंदी झाली, आणि यांगदोंग आणि देइन बाजारातल्या विक्रेत्या बायकांनी मोठमोठ्या भांड्यांत भात शिजवून गोळे वळले आणि रस्त्यावरच्या तरुणांना वाटले. भात आणि मीठ, बाकी फारसं काही नाही. ग्वांगजूमध्ये आजही जुमॉकबाप म्हटलं की आधी हे आठवतं, मग चव.

त्याचा दुसरा अवतार एकदम खट्याळ. कोंबडीच्या पायांचा जहाल तिखट प्रकार मिळतो अशा ठिकाणी सोबत एक वाडगा येतो. त्यात भात, गिमचा चुरा, माशाची बारीक अंडी, पिवळा मुळा, आणि वर प्लॅस्टिकचा एक हातमोजा. मोजा घालायचा, सगळं कालवायचं आणि आपले गोळे आपणच वळायचे. तोंडाची आग शमवायला. पहिल्यांदा मी मोजा बाजूला ठेवून चमचा मागितला होता. शेजारच्या टेबलावरची पोरं किती वेळ हसत होती.

डब्याला हा प्रकार का बरा, तर सगळं भातातच मिसळलेलं असतं. आत सारण भरायचं नाही, बाहेर काही गुंडाळायचं नाही. लाडू वळता येतात त्याला हे येतं. एक वाटी इंद्रायणीचा, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम तांदळाचा, साडेचारशे ते पाचशे ग्रॅम भात होतो. त्याचे मोठ्या लिंबाएवढे नऊ-दहा गोळे. मोठ्या माणसाच्या डब्याला पाच-सहा पुरतात, लहान मुलाला तीन.

भात गरम असतानाच परातीत काढायचा. दोन छोटे चमचे भाजक्या तिळाचं तेल, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा भाजलेले तीळ, आणि गिमचे एक-दोन कागद तव्यावर शेकून हाताने चुरडून. उलथन्याने कापल्यासारखं मिसळायचं, मळायचं नाही, मळलं की लापशी होते. मग सारण: बारीक चिरून परतलेलं गाजर, कांदा, मशरूम, अंड्याची भुर्जी, काय असेल ते. नियम दोन. सारण भाताच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर गोळा धरत नाही. आणि त्यात पाण्याचा टिपूस नको. किमची, म्हणजे तिखट मसाल्यात मुरवून आंबवलेली भाजी, घालायची तर पिळून, चिरून, कोरडी होईपर्यंत परतून. शाकाहाऱ्यांनी किमचीची बरणी नीट वाचावी. नेहमीच्या कोबीच्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचं सॉस असतंच. बौद्ध मठांतली किमची त्याशिवाय करतात, पण ती दुकानात सहज दिसत नाही.

कोरियन घरांतला आवडता प्रकार म्हणजे सुक्या बारीक माशांचा. 'म्यॉलची' नावाचे छोटे अँकोव्ही सोया सॉस आणि साखरेत कुरकुरीत परततात आणि भातात मिसळतात. आपल्याकडची सुकी मांदेली त्याच भाऊबंदांतली. पण माझं मत जवळ्याला. भाजून, कांदा न घालता, थोडं सोया सॉस आणि चिमूटभर साखर घालून परतलेला जवळा भातात असा काही जमतो की कोकणातल्या सासूबाईंनीही दुसऱ्यांदा मागितला. ऑफिसच्या एसी कॅन्टीनमध्ये नेणार असाल तर मात्र शेजारी कोण बसतं याचा आधी विचार करा.

वळताना हाताला पाणी किंवा तेलाचं बोट. लाडू वळताना आपण शेवटी जो जोर देतो तो इथे नको, भात गार झाल्यावर आपसूक घट्ट होतो. आणि लहान मुलांच्या डब्याला हाच प्रकार बरा, याचं एक साधं कारण आहे: गिमचा अख्खा कागद दातांनी तुटत नाही, टाळ्याला चिकटतो. चुरा असला की तो प्रश्नच नाही.

दोष? दिसायला साधा. चार तासांनी गिमच्या चुऱ्याचा कुरकुरीतपणा पूर्ण जातो, चव राहते. कुणाला दाखवायचा डबा असेल तर हा नाही. भात शिजल्यापासून डबा भरेपर्यंत माझी पंधरा मिनिटं जातात, त्यात चहा होतो.

सामगाक किंबाप

याची सगळी करामत पॅकिंगमध्ये आहे. भात आणि गिम यांच्या मध्ये प्लॅस्टिकची पातळ पट्टी असते. पाकिटावर १, २, ३ असे आकडे. १ ची पट्टी मधून खाली ओढायची, मग दोन कोपरे २ आणि ३ बाजूला खेचायचे, की प्लॅस्टिक निघून येतं आणि कोरडा कुरकुरीत गिम भाताला त्या क्षणी चिकटतो. कोरियातल्या विद्यार्थ्याचं, रात्रपाळीवाल्याचं, बस पकडणाऱ्याचं हे जेवण. आम्ही होतो तेव्हा एक त्रिकोण हजार-बाराशे वॉनच्या आसपास मिळायचा, म्हणजे तिथे चहा-कॉफीपेक्षा स्वस्त. सर्वात जास्त खपणारा प्रकार ट्यूना आणि मेयोनीजचा, 'छामछी मायो'. दुसरा माझ्या आवडीचा, जॉन्जू शहराच्या बिबिंबापच्या, म्हणजे भाज्या घालून कालवलेल्या भाताच्या, चवीचा तिखट भात.

घरी करायचं तर ते दुहेरी प्लॅस्टिक लावलेले गिमचे कागद आणि तिकोनी साचा लागतो. साच्यात थोडा भात, मध्ये खळगा, त्यात चमचाभर सारण, वर भात, दाबून मूद पाडायची. मूद पाडणं आपल्या हाताला सवयीचं आहे, तो भाग सोपा. गुंडाळणं नाही. पहिले चार त्रिकोण पत्राच्या पाकिटासारखे दिसले. दहाव्यानंतर एका नगाला दोन मिनिटं लागू लागली.

आता प्रश्न असा की प्लॅस्टिकवाले कागद नसतील तर? साध्या गिममध्ये सकाळी गुंडाळून ठेवलं तर भाताची वाफ शोषून दुपारी तो ओल्या वर्तमानपत्रासारखा होतो. काहींना तसाच आवडतो. मला नाही. त्यावर एक साधा उपाय आहे, जो पॅकिंगइतकाच चांगला चालतो: तिकोनी मूद बटरपेपरमध्ये, आणि गिमची पट्टी वेगळ्या छोट्या झिपच्या पिशवीत. जेवताना गुंडाळा. दिसायला दुकानातल्यासारखं नाही, पण कुरकुर शंभर टक्के.

जुमॉकबापच्या तुलनेत सामगाकचा खरा फायदा असा की सारण मध्ये असल्याने ते थोडं ओलसर चालतं आणि चवीला ठसठशीत ठेवता येतं. हात खराब होत नाहीत, पडद्यासमोर बसून खाता येतं. तोटा, प्रत्येक घासात सारण नसतं. पहिले दोन घास कोरडा भात, मग मध्ये एकदम खजिना, मग पुन्हा भात. माझा मुलगा मधला भाग खाऊन कोपरे परत आणायचा.

आणि मेयोनीजबद्दल: डबा फ्रिजमध्ये ठेवायची सोय नसेल तर ट्यूना-मेयो विसरा. यात मला काही मधला मार्ग दिसत नाही.

किंबाप

कोरियात मुलांना आता शाळेतच जेवण मिळतं. रोजचा डबा, ज्याला तिथे 'दोशिराक' म्हणतात, तो मुलांच्या आयुष्यातून जवळपास गेला. उरला तो सहलीचा डबा, आणि त्यात किंबापच हवा. त्या दिवशी आई पहाटे उठून गुंडाळते, आणि गुंडाळ्यांची टोकं, जिथून भाज्या बाहेर डोकावत असतात, ती घरातले उभ्याउभ्याच खाऊन टाकतात. त्या टोकांना वेगळं नाव आहे, 'क्कोंगदारी', आणि तीच जास्त चविष्ट असतात असं म्हणणारे पुष्कळ. मलाही पटतं. टोकाला भाज्या जास्त, भात कमी.

कसा करतात ते थोडक्यात. गिमच्या कागदावर भाताचा पातळ थर, वरच्या बाजूला दोन बोटं जागा सोडून. त्यावर अंड्याच्या पोळीची पट्टी, परतलेलं गाजर, उकडून घट्ट पिळलेला पालक, पिवळा मुळा म्हणजे 'दानमुजी', हॅम किंवा माशाच्या लगद्याची कांडी. घट्ट गुंडाळी करायची, वरून तेलाचं बोट फिरवायचं, चकत्या कापायच्या. अळूवडीचा उंडा ज्याने घट्ट बांधला आहे त्याला गुंडाळणं शिकवावं लागत नाही. सुरी प्रत्येक दोन चकत्यांनंतर ओल्या फडक्याने पुसायची. नाहीतर भात सुरीला आणि सारण ओट्यावर.

शाकाहारी किंबाप अडचणीचा नाही. हॅमच्या जागी तोफू किंवा पनीर सोया सॉसमध्ये परतून. दानमुजी घरी होतो: मुळ्याच्या लांब पट्ट्या व्हिनेगर, साखर, मीठ आणि हळदीच्या पाण्यात दोन दिवस मुरवा. तिथे रंगासाठी बरेचदा गार्डेनियाचं फळ वापरतात, आपली हळद तेच काम करते. मुळा मात्र वगळू नका. तेलकट भाताला छेद देणारी आंबटगोड चव एवढी एकच आहे त्यात.

मग रोज का नाही? कारण प्रत्येक भाजी वेगळी चिरायची, वेगळी परतायची, वेगळी गार करायची. एका गुंडाळीला आणि पाच गुंडाळ्यांना जवळपास सारखाच वेळ जातो, माझा तरी पाऊण तास ते तास. एकट्यासाठी हा हिशेब जमत नाही, पाचजणांच्या सहलीला अगदी जमतो. रात्री करून फ्रिजमध्ये ठेवावा म्हणाल तर भात कडक होतो. शिजलेला स्टार्च फ्रिजच्या थंडाव्यात सर्वांत लवकर ताठरतो. कोरियात उरलेल्या शिळ्या किंबापच्या चकत्या अंड्यात बुडवून तव्यावर भाजतात. ते इतकं छान लागतं की काही घरांत मुद्दाम उरवतात, पण तो नाश्ता झाला, डबा नाही.

आणखी एक गोष्ट. यात आठ-नऊ जिन्नस, प्रत्येकाला हात लागलेला, त्यातलं एक अंडं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलजवळच्या सॉन्गनाम शहरात विकत घेतलेला किंबाप खाऊन दोनशेहून जास्त लोक आजारी पडले, तपासात साल्मोनेला हा जिवाणू सापडला. कोरियातला ऑगस्ट आपल्या मुंबईच्या जूनसारखा असतो, दमट आणि चिकट. एका डब्यात जितक्या वस्तू जास्त, तितक्या बिघडायच्या जागा जास्त.

छुंगमु किंबाप

दक्षिण किनाऱ्यावरचं थोंग्यॉन्ग हे बंदर. १९९५ साली भोवतालच्या भागाशी एकत्र होईपर्यंत त्याचं नाव छुंगमु होतं. तिथे बोटीवर जाणाऱ्यांसाठी किंबाप विकला जायचा आणि समुद्रावरच्या उन्हात आतलं सारण आंबायचं. त्यावर तिथल्या बायकांनी काढलेला तोडगा साधा होता: सारण बाहेर काढलं. बोटाएवढ्या जाडीच्या छोट्या गुंडाळ्या, आत फक्त भात, तोही बिनतेलाचा. सोबत वेगळं, तिखट मसाल्यात कालवलेलं स्क्विड, म्हणजे माकूळ, आणि मुळ्याची आंबट किमची. टूथपिकने एक गुंडाळी, एक तुकडा, एक गुंडाळी. १९८१ मध्ये सोलच्या यॉइदोमध्ये 'गुकफुंग ८१' नावाचा मोठा सरकारी उत्सव झाला, तिथे हा प्रकार पोचला आणि देशभर झाला.

पहिल्यांदा ताट समोर आलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. नुसता भात कागदात? पण तो डब्यात नेऊन पाहिल्यावर पटलं. भात एका कप्प्यात, तिखट-आंबट तोंडीलावणं दुसऱ्यात. आपला डबा आणखी काय वेगळा असतो? भात कोरडा राहतो, वास एकमेकांत मिसळत नाहीत, आणि खराब व्हायचंच तर काय खराब झालं ते वास घेऊन कळतं तरी.

शाकाहारी करायचं तर मुळ्याच्या जाड फोडी मीठ लावून पाणी सोडवून घ्यायच्या, मग मिरची पूड, लसूण, साखर, व्हिनेगर. कोरियन मिरची पूड मिळाली तर उत्तम. ती रंगाला लाल आणि तिखटपणाला बेताची असते, आपल्या बेडगीच्या जवळची. स्क्विडच्या जागी मी सोया चंक उकडून, पिळून, त्याच मसाल्यात घालते. कोरियन माणूस याला छुंगमु म्हणणार नाही. भूक मात्र भागते.

गुंडाळ्या वळायला गिमचा कागद चार तुकड्यांत कापायचा. दहा गुंडाळ्यांना दहा मिनिटं. गिम मऊ पडतो, पण इथे तो मऊच असतो, कुरकुरीत असावा अशी कुणाची अपेक्षाच नसते. कुरकुरीतपणाच्या नादात सामगाकवर जी सर्कस करावी लागते ती इथे वाचली.

पाच तासांचा हिशेब

सकाळी सातला भरलेला डबा बाराच्या पुढे उघडतो. भाताच्या बाबतीत खरा खलनायक म्हणजे बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू. त्याचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांचं एक विष असं आहे की पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून "दुपारी मायक्रोवेव्ह करीन" हे उत्तर नाही. भात ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड असेल तर काळजी कमी. मधला कोमटपणा वाईट. सकाळी वाफाळत्या भाताचे गोळे वळून लगेच झाकण लावलं तर नेमका तोच कोमटपणा आपण तासन् तास जपतो. परातीत पसरून, पंख्याखाली गार करून मग भरा. रात्रीचा उरलेला भात गोळ्यांना वापरू नका, विशेषतः तो ओट्यावर राहिलेला असेल तर.

उन्हाळ्यात काही कोरियन घरांत भातात तेलासोबत थोडं व्हिनेगर घालतात. चव सुशीकडे झुकते, वाईट नाही लागत, पण चमचाभर व्हिनेगरने डबा निर्धोक झाला असं समजू नका. बर्फाची छोटी पिशवी आणि इन्सुलेटेड डबा याला पर्याय नाही. ऑफिसात फ्रिज असेल तर पोचल्यावर लगेच त्यात, आणि खायच्या आधी अर्धा मिनिट मायक्रोवेव्ह. त्याने ताठरलेला भात पुन्हा मऊ होतो. गिमची पिशवी बाहेरच ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत मी अंडं घातलेला जुमॉकबाप बिनधास्त देते. मार्चपासून अंडं, मासे, मेयो बंद. गाजर, तीळ, गिम, भाजलेला जवळा, एवढंच, आणि तेही बर्फाच्या पिशवीसोबत. बर्फ नसेल तर त्या दिवशी पोळी-भाजी. पावसाळ्यात त्रास भाताचा कमी आणि गिमचा जास्त. पाकीट एकदा उघडलं की दोन दिवसांत कागद पापडासारखा सादळतो. आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका, हवाबंद डब्यात तिच्यासकट ठेवा. सादळलाच तर मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी काही सेकंद. काळपट जांभळा रंग हिरवा झाला की झालं.

खर्चाचं गणित गिमवर फिरतं, कारण बाकी सगळं घरचंच. दहा कागदांच्या पाकिटात किंबापच्या दहा गुंडाळ्या होतात. छुंगमुचे चाळीस तुकडे. जुमॉकबापला एका डब्यामागे कागदच काय, त्याचा अर्धा चुराही पुष्कळ, म्हणजे पाकीट महिना काढतं. सामगाकचे प्लॅस्टिकवाले कागद सगळ्यांत महाग पडतात, आणि ते संपले की पुन्हा आणेपर्यंत साचा कपाटात.

भाचीचं शेवटी काय झालं ते सांगते. दोन रविवार ती माझ्याकडे आली. पहिल्या रविवारी किंबाप केला, फोटो काढले, खूष झाली. सोमवारी सकाळी सहाला फोन, "मावशी, एवढं रोज कोण करणार?" दुसऱ्या रविवारी जुमॉकबाप. आता ती रविवारी तीन वाट्या तांदूळ लावते, सारणाशिवाय गोळे वळते, गरम असतानाच एकेक क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळते, वाफ जिरली की लगेच फ्रीझरमध्ये. फ्रिज नाही, फ्रीझर, तिथे भात ताठरत नाही. सकाळी पाच गोळे मायक्रोवेव्हमध्ये वाफ येईपर्यंत, मग फिल्म काढून गार, मग तीळ आणि परतलेलं गाजर वरून. तेल गरम गोळ्यावर चोळायचं, म्हणजे वास टिकतो. गिम मात्र फ्रीझरमध्ये जात नाही. तो तव्यावर, निघायच्या आधीच्या मिनिटाला.